लेंट्युलो स्पायरल: सीलर मुळाच्या टोकापर्यंत नेणारी तार

रूट कॅनलमध्ये, म्हणजे दाताच्या मुळातील बारीक नलिकेत, गटापर्चाचा (रबरासारख्या भरणद्रव्याचा) कोन, म्हणजे निमुळती काडी, कितीही नेमकी बसली, तरी ती दाताच्या आतल्या भिंतीला स्वतःहून चिकटत नाही. त्या दोहोंमधली फट सीलर (घट्ट होणारी पेस्ट) बुजवतो, आणि तो भिंतीला सगळीकडे लागला नाही तर एक्स-रेमध्ये भरणी सुरेख दिसत असूनही पुढे गळतीला जागा राहते. म्हणून सीलर कोणता निवडावा याइतकाच तो आत कसा न्यावा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. लेंट्युलो स्पायरल मी सोळा वर्षे वापरत आहे आणि हा अभिप्राय त्या वापरातून आलेला आहे.

संथ गतीच्या हँडपीसमध्ये बसणारी ही स्टीलची पिळदार तार घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली की सीलर टोकाकडे ढकलते. उलट फिरली तर बाहेर ओढून आणते. एन्डोमोटर (कॅनलमधली उपकरणे फिरवणारे यंत्र) आधीच्या कामानंतर उलट दिशेवर राहिलेला असू शकतो, म्हणून मी काचेच्या स्लॅबवरील सीलरमध्ये टोक बुडवून तार क्षणभर फिरवतो आणि सीलर पिळांमधून खाली सरकतो ना, हे डोळ्यांनी पाहून घेतो. वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास ठेवतो. तार कॅनलमध्ये सैल फिरेल इतक्या लहान क्रमांकाची निवडतो आणि खोलीची खूण असलेला रबर स्टॉपर वर्किंग लेंग्थपेक्षा (कॅनलच्या मोजलेल्या लांबीपेक्षा) ३ ते ४ मिलिमीटर अलीकडे लावतो.

एएच प्लससारख्या इपॉक्सी रेझिन सीलरशी या तारेचे उत्तम जमते. दोन्ही ट्यूबांमधून सारख्या लांबीची पेस्ट घेऊन घोटल्यावर स्पॅच्युला सावकाश उचलला असता सीलरचा धागा साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत न तुटता ताणला गेला, की मिश्रण योग्य झाले असे मी समजतो. तारेवर मात्र तो अगदी थोडा घ्यावा. भिंतीला हवा असतो तो पातळ लेप. कॅनल सीलरनेच भरून टाकायचा नसतो.

पेपर पॉइंटने (कागदाच्या निमुळत्या काडीने) किंवा फाइल (कॅनल घासण्याची बारीक सुई) उलटी फिरवूनही सीलर लावता येतो, आणि गटापर्चा बाजूने दाबून भरणार असाल तर त्या दाबानेही तो पसरतो, त्यामुळे पद्धतींमधला फरक कमी होतो. पण लांब, किंचित वळणाच्या कॅनलमध्ये कोनला लावलेला सीलर तोंडाशीच पुसला जातो आणि टोकाजवळचा भाग कोरडा राहतो. तिथे मला लेंट्युलोच अधिक भरवशाची वाटते.

तिचा मोठा दोष म्हणजे मोडण्याची भीती. एकदा स्वस्तातले पाकीट घेतले होते. खालच्या पहिल्या दाढेत काम चालू असताना मी तार आतच थांबवली, पुन्हा सुरू करताच ती वळणाशी अडकली आणि सुमारे चार मिलिमीटरचा तुकडा आत राहिला. एएच प्लसला काम करण्यासाठी सुमारे चार तास मिळतात, त्यामुळे सीलर मऊ होता. बारीक एच-फाइल पिळांमध्ये गुंतवून तुकडा ओढून काढता आला. रुग्णाला घडलेला प्रकार त्याच वेळी सांगितला. तेव्हापासून तार आत जाताना आणि बाहेर येताना फिरतीच ठेवतो, तिचे पिळ जरा जरी ताणलेले दिसले तरी ती टाकून देतो आणि सीलर सुकण्याआधी स्पिरिटने पुसून मगच निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतो.

तयार सिरिंजमधून येणाऱ्या बायोसिरॅमिक सीलरसाठी ही तार मी वापरत नाही. तो दाताच्या भिंतीतील ओलाव्यावर घट्ट होतो. बारीक टिपने कॅनलच्या वरच्या भागात थोडा सोडला आणि कोन दोन-तीनदा हळू वरखाली केला, की तो पुरेसा पसरतो.

खालच्या दुसऱ्या दाढेच्या बाबतीत माझा आग्रह अधिक कडक आहे. तिच्या मुळांची टोके जबड्यातील नसेच्या नलिकेला अनेकदा अगदी जवळ असतात, आणि फिरत्या तारेने ढकललेला सीलर टोकाबाहेर गेला तर ओठ व हनुवटी बधिर होण्याचा धोका असतो. टोक रुंद उघडलेले असेल तर हा धोका आणखी वाढतो. अशा दाढेत मी लेंट्युलो डबीतच ठेवतो आणि मास्टर कोनच्या (गटापर्चाच्या मुख्य कोनच्या) शेवटच्या भागाला सीलरचा पातळ थर लावून तो सावकाश जागेवर नेतो.