कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या छापखान्याने केलेली काकूंची स्मरणपुस्तिका

काकूंच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी ३२ पानी पुस्तिका करून घेतली. काम मनापासून झालंय.

काकू मूळच्या फ्लोरेन्सच्या. काकांशी लग्न करून मंगळवार पेठेत आल्या आणि इथल्याच झाल्या. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली फ्लोरेन्सला वारले, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथल्या कास्चिने बागेतल्या त्यांच्या स्मारकाच्या छत्रीजवळ काकू लहानपणी खेळलेल्या. घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी आजीला हेच सांगितलं, आणि आजीचा राग निम्मा तिथंच निवला!

जुने फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन केलेत. बुरशीचे डाग काढले, पण चेहरे गुळगुळीत केले नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. गच्चीवर चटणीची मिरची वाळतेय, शेजारी टोमॅटोचा रस भरलेल्या बाटल्या, मध्ये पदर खोचलेल्या काकू. त्या फोटोत मनगटावरचं पीठसुद्धा दिसतं. त्यांच्या पाककृतींच्या वहीची पानं जशीच्या तशी छापलीत: अर्धी इटालियन, अर्धी मराठी, तांबड्या रश्शाचं प्रमाण समासात. मथळ्यांतल्या इटालियन अक्षरांवरची चिन्हं पहिल्या प्रुफात गळली होती. जादा पैसे न घेता दुरुस्त केली.

बांधणी शिलाईची, पानं सपाट उघडतात. मुखपृष्ठाचं लॅमिनेशन मात्र काही प्रतींत कडेला सुटतंय, ते त्यांनी बघायला हवं. फोटो देताना मागं पेन्सिलीनं नंबर घाला, परत घेताना मोजायला सोपं जातं.