फॉक्स ४० क्लासिक शिट्टी: पालकांच्या आरड्याओरड्याला पुरून उरते

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं शाळेच्या पोरांच्या बास्केटबॉल मॅचला रेफ्री म्हणून उभं राहताय तर ही घ्याच. आत गोळी नाही, त्यामुळं थुंकी जाऊ दे नाहीतर पावसाचं पाणी, अडकायचा प्रश्नच नाही. काढली कुणी, तर कॅनडाच्या रॉन फॉक्सक्रॉफ्टनं, तो स्वतःच बास्केटबॉल रेफ्री, म्हणजे दुखणं माहीत असलेला माणूस. कंपनी ११५ डेसिबल म्हणते, कानाजवळ कुणी फुंकली की पटतंय.

खरा उपयोग पालकांत. एका बाजूनं "ओ सर, फाऊल दिसंना काय", दुसऱ्या बाजूनं कानडीत "एन्री रेफ्री", त्यात एक बाप पोराचं दप्तर गळ्यात अडकवून लाईनच्या आत येऊन हातवारे करालेला, साधी गोळीवाली शिट्टी कोण ऐकतंय तिथं. ही कडक वाजली की दोन सेकंद सगळे गप, तेवढ्यात आयोजकाला बोलवायचं, "ह्यांना बाहेर न्या, मगच मॅच", आपण स्वतः पालकाच्या तोंडाला लागायचं नाही.

कोचच हुज्जत घालायला लागला तर त्याला आधी हळू आवाजात सांगायचं, मग थेट टेक्निकल, म्हणजे गैरवागणुकीचा फाऊल, समोरच्या टीमला एक फ्री थ्रो, कुणी आडवं न येता बास्केटवर मारायचा. स्वतःच्या वागण्यावरनं दोन टेक्निकल झाले की कोच बाहेर, फिबाचा, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमच आहे, "सर एकदा सोडा की" चालत नाही.

साध्या शिट्टीपेक्षा महाग आहे म्हणून अर्धा स्टार कापलाय. डुप्लिकेट मात्र नाही ना, ते बघून घ्या.