आर्चरचा बूट आणि चारशे पिवळट तुकडे

अण्णांची नात जुलैत इंग्लंडहून आली आणि अण्णांसाठी (माझे सासरे, वय ८४) हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल घेऊन आली. चित्र जुन्या इंग्लिश रेसवाल्यांचं. लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात दर आठवड्याला एका बड्या असामीचं रंगीत व्यंगचित्र छापून यायचं. त्यातले जॉकी, ट्रेनर, घोड्यांचे मालक असे डझनभर निवडून शेजारीशेजारी उभे केलेत.

अण्णा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. पावसाळ्यात पुण्याचा रेसचा सीझन सुरू झाला की रविवारी ते कुठे असत हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. आईंनी म्हणजे सासूबाईंनी त्यावर चाळीस वर्षं अबोला नाही धरला, पण रेसचा ‘र’ही घरात काढू दिला नाही. त्यामुळे खोका उघडला तेव्हा मी आधी त्यांच्याकडे पाहिलं. त्या आत निघून गेल्या.

पझल ६८ बाय ४८ सेंटीमीटरचं. डायनिंग टेबल अडवायचं नव्हतं म्हणून कॅरम बोर्ड काढला. आत बरोबर मावतं, वर चारी बाजूंनी लाकडाची कड, तुकडे खाली पडत नाहीत. रात्री वर चादर. कडेचे तुकडे मी मोजले, लांबीत ३८ आणि रुंदीत २७. म्हणजे एकूण १०२६. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “सव्वीस जादा? मला तर बुकीने कधी एक रुपया जादा दिला नाही.”

छपाई फार छान आहे. जॉकींच्या रेशमी शर्टांचे रंग तर असे उठून दिसतात की आम्ही तुकडे आधी रंगांवरूनच लावले. प्रत्येक मालकाचे रंग ठरलेले असतात, शर्टाचे आणि टोपीचेही. लांबून घोडा ओळखायचा तो त्यावरून. अण्णांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही लांबचं धड दिसत नाही, पण हे रंग ते पटापट वेगळे करत होते. माणसं पूर्ण झाली चार दिवसांत.

आणि मग चारशे तुकडे उरले. सगळे पिवळट, चहाचं पाणी सांडल्यासारख्या रंगाचे. या व्यंगचित्रांची रीतच अशी की माणसामागे काही नाही, पायाशी थोडी सावली, बस्स. कागदावर ते देखणं दिसतं. पझलमध्ये तो छळ आहे. त्यात कटिंग सैल, दोन-तीन जागी चुकीचा तुकडाही खटकन बसतो आणि आपण खूश. एक चूक आम्हाला तीन दिवसांनी कळली, तेव्हा अख्खा कोपरा उचकटला. पुण्याच्या पावसात पुठ्ठाही थोडा फुगला, काही तुकड्यांचा वरचा कागद सुटायला लागला. उन्हाळ्यात लावा. खोक्यावरचं चित्र तळहाताएवढं, त्यात खालची नावं वाचायला भिंग लागतं. इतक्या किमतीत एक मोठा कागद आत टाकायला काय झालं होतं?

एक नाव मात्र अण्णांना भिंगाशिवाय कळलं. फ्रेड आर्चर. ‘स्पाय’ या नावाने काढणाऱ्या लेस्ली वॉर्डने त्याचं हे चित्र १८८१ साली केलं. लांबुडका चेहरा, काटकुळे पाय. पाच फूट दहा इंच उंचीचा जॉकी! अण्णांनी मला सगळं पुराण सांगितलं. १३ वर्षं लागोपाठ चॅम्पियन, २,७४८ रेसा जिंकलेल्या, पाच वेळा डर्बी, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात मानाची रेस. आणि वजन उतरवण्यासाठी उपाशी राहायचं, जुलाबाची औषधं घ्यायची, वाफेच्या खोलीत बसायचं. बायको बाळंतपणात गेली, त्यानंतर दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, तापात असताना त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय २९. शेजारीच टॉड स्लोन, अमेरिकेहून आलेला बुटका. रिकिबी (पाय अडकवायच्या कड्या) आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवा व्हायचा म्हणून इंग्रज आधी त्याला माकड म्हणून हसले, मग सगळे तसेच बसायला लागले.

हे चालू असताना आई दाराशी उभ्या होत्या. “एवढ्या उंच पोराला कुणी बसवलं घोड्यावर?” म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. तिथून पुढे पिवळट तुकडे त्यांचे झाले. आयुष्यभर तांदूळ निवडलेला डोळा. रंग बघायच्याच नाहीत, नुसता आकार. “हा दोन शिंगांचा, हा एका कानाचा” असे ढीग केले. अण्णा दोन दिवस आर्चरच्या बुटाचा तुकडा शोधत होते, तो त्यांनी पिवळ्या ढिगातून काढून दिला. बुटाच्या टाचेचं टोक तेवढं काळं होतं.

एकट्याने लावणार असाल तर घेऊ नका, निदान पाचशेचं मिळालं तर ते बघा. घरात रेसवाला आणि तांदूळ निवडणारं, दोघंही असतील तर जरूर घ्या.

आमचं अजून कॅरमवरच आहे, अण्णा मोडू देत नाहीत. फ्रेमवाल्याने काचेसकट बाराशे सांगितले. अण्णा घासाघीस करायला लागले तर आई म्हणाल्या, “द्या हो. रेसला घातलेत त्याच्या मानाने काहीच नाहीत.”