पाटी नसलेले दुकान आणि दादासाहेब मावळणकरांची दोन पुस्तके

दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे येताना एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली जुन्या पुस्तकांचे दुकान आहे. त्याला पाटी नाही. दारात सुतळीने बांधून ठेवलेले कायद्याच्या नियतकालिकांचे गठ्ठे हीच त्याची खूण. बडोद्याच्या न्यायालयात तीस वर्षे वकिली करताना त्या दारावरून मी असंख्य वेळा गेलो, पण आत पाऊल टाकले ते गेल्या पावसाळ्यात. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी गणेश वासुदेव मावळणकर हा विषय घेतला होता. तिने मला विचारले, "मामा, लोकसभेचे पहिले अध्यक्ष आपल्या बडोद्यात जन्मले ना? मग आपल्या घरात त्यांचं एकही पुस्तक कसं नाही?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुकानदार गुजराती आहेत, पण बडोद्याच्या पेठेत वाढल्यामुळे मराठी सहज बोलतात. मावळणकरांचे नाव काढताच त्यांनी "वकील की स्पीकर?" असे विचारले, आणि दोघे एकच, असे मी सांगितल्यावर माळ्यावरून दोन पुस्तके काढून दिली. एक इंग्रजी, 'माय लाइफ ॲट द बार', म्हणजे दादासाहेबांच्या वकिलीच्या आठवणी; दुसरे गुजराती, 'मानवतानां झरणां', तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या खऱ्या कथा. दोन्हींचे मिळून दोनशे चाळीस रुपये झाले. गुजराती प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते की मधली आठ पाने नाहीत. "आधी बघून घ्या, साहेब, मग पैसे द्या," असे त्यांनी स्वतःहून सांगितले. ग्राहकाच्या लक्षात येण्यापूर्वी मालातले वैगुण्य दाखवणारा दुकानदार मला अनेक वर्षांनी भेटला.

इंग्रजी पुस्तकाविषयी आधी सांगतो, कारण राजकीय आत्मचरित्र समजून ते विकत घेणाऱ्याची निराशा होईल. या पुस्तकात वकील भेटतो, अध्यक्ष नव्हे. आणि माझ्या मते मावळणकरांना समजून घेण्यासाठी नेमके हेच हवे. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे, जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात, १९०२ पासून शिक्षण अहमदाबादला, १९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून पदवी, १९१२ मध्ये मुंबईतून कायद्याची परीक्षा आणि १९१३ मध्ये पुन्हा अहमदाबादलाच वकिलीचा आरंभ. मुंबईत राहून हायकोर्टात नाव काढण्याची वाट सोडून त्यांनी गुजरातेतील शहर निवडले, आणि पुढचे सारे सार्वजनिक जीवन त्या निवडीतूनच घडले. गुजरात सभा या राजकीय संस्थेचे काम, खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा सत्याग्रह, १९१९ मध्ये नगरपालिकेत निवडून येणे आणि पुढे दोनदा तिचे अध्यक्षपद, हे सर्व वकिली चालू असतानाच झाले. सकाळी पक्षकार आणि संध्याकाळी गटारे-पाणीपुरवठ्याच्या सभा, असा दिवस ज्याने काढला आहे, त्याला समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची सवय लागते.

त्या सवयीचा उपयोग पुढे देशाला झाला. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदी ते अवघ्या तीन मतांनी, ६६ विरुद्ध ६३ अशा फरकाने, निवडून आले. १५ मे १९५२ रोजी लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी त्यांच्यासमोर उभे होते ते शंकरराव मोरे, म्हणजे पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांमध्ये झाली. मावळणकरांना ३९४ मते पडली आणि मोऱ्यांना ५५. १८ डिसेंबर १९५४ रोजी विरोधकांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला, तेव्हा उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी सभागृह चालवले आणि ठराव फेटाळला गेला. आज मला या प्रसंगापेक्षाही महत्त्वाची वाटते ती सरकारने वारंवार वटहुकूम काढण्याविरुद्ध त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रांतून नोंदवलेली हरकत. सत्ताधारी पक्षाचाच मनुष्य त्या पक्षाच्या पंतप्रधानाला सभागृहाचा मान राखण्याची आठवण करून देतो, यात मला वकिलीतील शिस्त दिसते: न्यायाधीश ओळखीचा असला तरी हरकत नोंदवायची असेल तर ती नोंदवलीच पाहिजे.

गुजराती पुस्तक मात्र वेगळ्या कारणाने मनात राहिले. स्वातंत्र्य चळवळीत मावळणकरांची एकूण सुमारे सहा वर्षे तुरुंगात गेली. तेथे भेटलेल्या गुन्हेगारांकडे त्यांनी आरोपी म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहिले आणि ते पाहणे आपल्या मातृभाषेत न लिहिता, ज्या समाजात राहिले त्याच्या भाषेत लिहिले. पुण्या-मुंबईच्या मराठी वाचकाला हे पुस्तक भाषांतरातून वाचावे लागेल. आम्हा बडोदेकरांना त्याची गरज पडत नाही. माझ्या आईने चष्मा लावून दोन संध्याकाळी ते मोठ्याने वाचले, अर्थ मराठीत सांगत गेली आणि गहाळ आठ पानांपाशी थांबून "इथे काय झालं असेल रे?" असे विचारले. घरात मराठी बोलत गुजरातेत राहिलेल्या कुटुंबाला दादासाहेब आपले वाटतात, याचा मला तेव्हा प्रत्यय आला.

दुकानाविषयी दोन तक्रारी नोंदवणे आवश्यक आहे. आत उजेड इतका कमी आहे की पाठीवरची नावे वाचता येत नाहीत. मोबाइलचा दिवा लावूनच शोधावे लागते. शिवाय इंग्रजी पुस्तकाची बांधणी खळ सुकून सुटली होती, आणि कसरीने मागच्या मुखपृष्ठावर केलेली भोके मला घरी आल्यावर दिसली. गुजराती प्रतीइतकी काळजी या प्रतीबाबत घेतली गेली नव्हती. मी हे सांगितल्यावर दुकानदारांनी चाळीस रुपये परत केले आणि पुस्तक ओळखीच्या बाइंडरकडून शिवून देण्याची जबाबदारी घेतली. चार दिवसांत ते हिरव्या कापडी पाठीसह, पाने जराही न कापता, परत मिळाले.

कायद्याचे विद्यार्थी, नगरपालिकेत निवडून आलेले तरुण कार्यकर्ते आणि घरात गुजराती वाचणारी वडीलधारी मंडळी असलेले मराठी वाचक, या सर्वांना मी हे दुकान आणि ही दोन पुस्तके सुचवीन. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, तेव्हा सकाळी जावे. 'मानवतानां झरणां'ची दुसरी प्रत एका घराच्या आवराआवरीत निघणार असल्याचे दुकानदारांनी सांगितले आहे. त्यातून ती आठ पाने झेरॉक्स करून घेण्यासाठी शनिवारी भाचीला घेऊन मी पुन्हा जाणार आहे.