राउटरचे फर्मवेअर : कंपनीचे ठेवावे की ओपनडब्ल्यूआरटी घालावे?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांमध्ये जाड भिंतींमुळे मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, तेव्हा राउटरवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी, ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर घालून प्रक्षेपणाची शक्ती वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. या सल्ल्यात दोन स्वतंत्र प्रश्न मिसळले आहेत. फर्मवेअर कोणाचे असावे हा मालकाचा प्रश्न आहे, तर रेडिओने किती शक्तीने आणि कोणत्या वारंवारतेवर बोलावे हा कायद्याचा.

ही गल्लत अमेरिकेतही झाली होती. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील काही उपकरणे विमानतळांजवळच्या हवामान रडारांना अडथळा आणत होती. त्यामुळे तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, 2015 साली उत्पादकांना विचारले की डीडी-डब्ल्यूआरटीसारखे बाहेरचे फर्मवेअर तुम्ही कसे रोखता. इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ यांच्यासह अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतल्यावर आयोगाने त्याच वर्षी खुलासा केला की बंधन रेडिओपुरतेच आहे. 2016 मध्ये टीपी-लिंक या राउटर कंपनीने शक्तीमर्यादेच्या उल्लंघनाबद्दल दोन लाख डॉलर भरताना बाहेरच्या फर्मवेअरला वाव देण्याचेही मान्य केले. माझ्या मते हीच विभागणी योग्य आहे.

भारतात 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2005 च्या आणि पाच गिगाहर्ट्‌झचे पट्टे 2018 च्या अधिसूचनेने विनापरवाना खुले झाले, मात्र शक्तीच्या मर्यादा आणि उपकरणाला प्रकार-मान्यता (त्या मॉडेलला सरकारी मंजुरी) असण्याची अट कायम आहे. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये या मर्यादा आधीच बसवलेल्या असतात. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये देश म्हणून भारत निवडण्याची आणि तो तसाच ठेवण्याची जबाबदारी तुमची असते. जास्त शक्ती मिळावी म्हणून दुसरा देश निवडणे हे सरळ उल्लंघन आहे.

शिवाय त्याने वाड्याचा प्रश्न सुटतही नाही, कारण राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत गेला तरी मोबाइलचा क्षीण आवाज त्याच भिंतीतून परत यावा लागतो. तिथे केबल ओढून मागच्या खोलीत दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे वेगळे यंत्र, लावावा.

फर्मवेअर बदलण्याचे खरे कारण सुरक्षा हे आहे. कंपन्या काही वर्षांनी जुन्या मॉडेलचे अपडेट थांबवतात. ओपनडब्ल्यूआरटी त्याच यंत्राला पुढेही दुरुस्त्या देऊ शकते. अतिथींचे वेगळे जाळे आणि व्हिडिओ कॉल अडखळू नये म्हणून डेटाच्या रांगेचे नियोजन हे लाभ वेगळेच. जोखीम मात्र खरी आहे: हार्डवेअरची आवृत्ती न जुळल्यास किंवा मध्येच वीज गेल्यास यंत्र निकामी होऊ शकते, आणि वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

म्हणून अपडेट येत असतील आणि वॉरंटी चालू असेल, तर हात लावू नये. दोन्ही संपले असतील आणि मॉडेल, आवृत्तीसह, ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत असेल, तर मी निःसंकोच बदलाच्या बाजूने आहे. फायबर कंपनीने दिलेला डबा तिच्या मालकीचा असेल, तर तो तसाच ठेवून त्यामागे स्वतःचा राउटर जोडावा.