भाषण, ओळखी की माणसं? नाशिकच्या छोट्या उद्योजकाने आधी कुठे वेळ घालवावा

मशीनचं कोटेशन आलं की नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतला कुठलाही मालक ते बरोबर पारखतो. स्पिंडल कुठला, सर्व्हिसला कोण येणार, हप्ता किती, सगळं विचारतो. 'नेतृत्व आणि संवादकौशल्य' शिकवणाऱ्याचं पत्रक आलं की मात्र तोच माणूस फक्त फी विचारतो. खरं तर इथेही माल वेगवेगळा असतो, वरचं लेबल तेवढं एकच.

खालचे पर्याय मी दोनच प्रश्नांवर तोललेत. तिथे मला स्वतःला किती वेळा बोलावं लागेल किंवा निर्णय घ्यावा लागेल? आणि माझं चुकलं तर तोंडावर सांगणारा, माझ्या पगारपत्रकावर नसलेला, कोणी तिथे आहे का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. वीस माणसांच्या युनिटमध्ये मालकाच्या प्रत्येक विनोदावर सगळे हसतात. घरचे खरं बोलतात, पण त्यांचं आपण ऐकत नाही.

दोन दिवसांचं हॉटेलमधलं शिबिर आधी निकालात काढतो. शनिवार-रविवार टाळ्या, खेळ, मोठ्या पडद्यावरची वाक्यं, दुपारी उत्तम जेवण. सोमवारी उत्साह, गुरुवारपर्यंत सगळं जागच्या जागी. शिकवणारे वाईट असतात असं नाही. साठ जणांच्या हॉलमध्ये एकेकाच्या वाट्याला बोलायला येतं किती, हा साधा हिशोब आहे. अपवाद एकच: तुकडी बारा-पंधराची असेल, प्रत्यक्ष प्रसंग उभे करून घेणार असतील आणि महिन्याभराने पुन्हा बोलावून काय बदललं ते विचारणार असतील, तर जरूर जा.

टोस्टमास्टर्स हा भाषणाच्या सरावाचा क्लब आणि बीएनआय हा धंद्याच्या ओळखींचा गट, या दोघांत बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण दोन्हीकडे ठरावीक वेळेला जमतात आणि दोन्हीकडे उभं राहून बोलावं लागतं. हेतू मात्र पूर्ण वेगळे. टोस्टमास्टर्सची सुरुवात १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावात राल्फ स्मेडली यांनी केली. तिथे धंदा मागायचा नसतो, बोलणं सुधारायचं असतं. तयार भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं. मग आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं. हिरवं, पिवळं, लाल अशा खुणांनी वेळ दाखवतात. एक जण तर नुसता 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' किती वेळा आलं ते मोजत बसतो. पहिल्यांदा स्वतःचा आकडा ऐकला की चांगला वीस वर्षं धंदा केलेला माणूसही कान पकडतो.

पण मालकासाठी तिथली खरी शिकवण भाषणाची नाहीच. प्रत्येक भाषणानंतर दुसरा सदस्य दोन-तीन मिनिटांत त्याचं मूल्यमापन करतो, सगळ्यांसमोर, आणि हे काम आळीपाळीने सगळ्यांकडे येतं. समोरच्याला न दुखावता, नेमकं काय जमलं आणि नेमकं काय बदलायचं हे तीन मिनिटांत सांगता येणं, हेच उद्या शॉप फ्लोअरवर, म्हणजे मशीनपाशी कामगारांमध्ये, लागतं. त्यासाठी आधी दुसऱ्याचं सात मिनिटं गप्प बसून ऐकावं लागतं, हे मालकाच्या जातीला अवघडच. खर्च कमी. अडचण भाषेची: बहुतेक क्लबांचं कामकाज इंग्रजीत चालतं. पुण्या-चाकणच्या कंपन्यांच्या परचेसवाल्यांसमोर बसायचं असेल तर ही अडचण नाही, फायदाच आहे. गिऱ्हाईक आणि कामगार दोन्ही मराठी-हिंदीतले असतील तर आधी पाहुणा म्हणून जाऊन बघा. त्याची मुभा असते.

बीएनआय १९८५ मध्ये इव्हान मिस्नर यांनी अमेरिकेतच सुरू केलं. एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच माणूस, दर आठवड्याला बैठक, बहुधा सकाळी, आणि एकमेकांना धंद्याची शिफारस. गैरहजेरीला मर्यादा असते, न जमल्यास बदली माणूस पाठवावा लागतो. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लबही याच वाटेवरचा, वातावरण मात्र जास्त घरगुती. इथे दोन गोष्टी पक्क्या होतात: मिनिटभरात आपला धंदा सांगणं आणि दुसऱ्याचं काम लक्षात ठेवून त्याच्यासाठी शब्द टाकणं. इंटीरियरवाला, सीए, विमा एजंट, केटरर, सोलरवाला यांना याचा चांगला उपयोग होतो. ज्याचं सगळं काम दोन मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर यादीवर चालतं, अशा लेथवर सुटे भाग करणाऱ्या टर्निंगवाल्याला तिथून ऑर्डर येईल ही अपेक्षा जरा जास्तच. आणि दुसऱ्या प्रश्नावर हा पर्याय कमी पडतो. शिफारशीच्या आशेने बसलेला माणूस तुमची चूक तोंडावर कशाला सांगेल? वर्गणी आणि वेळ दोन्ही टोस्टमास्टर्सपेक्षा बरेच जास्त, हेही धरून चाला.

तिसरा रस्ता संघटनेचा, आणि नाशिककरांच्या हे लक्षातच येत नाही की तो शिकण्याचाही रस्ता आहे. निमा, आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांच्या समित्या, तरुणांची जेसीआय ही संस्था, रोटरी, अगदी गल्लीतलं गणेश मंडळ किंवा ढोल पथकसुद्धा. नुसतं सदस्य होऊन काही मिळत नाही. एखादं काम अंगावर घ्यावं लागतं. औद्योगिक वसाहतीतल्या विजेच्या तक्रारी गोळा करून अधिकाऱ्यांसोबत बैठक लावायची, तर समितीतले सगळे स्वतः मालक. कोणालाही 'कर' म्हणून सांगता येत नाही, पगार कापता येत नाही. पटवावं लागतं, श्रेय वाटावं लागतं, रुसलेल्याला फोन करावा लागतो. जेसीआयला १८ ते ४० अशी वयाची अट आहे आणि पदं दरवर्षी बदलतात, त्यामुळे तिशीतल्या माणसाला लवकर जबाबदारी मिळते. रोटरीचं वर्ष १ जुलैला बदलतं. तिथे वयाने मोठी, मुरलेली माणसं भेटतात. धोका एकच: हार-तुरे आणि बॅनरवरचा फोटो यांची गोडी लागली की कारखान्याकडे दुर्लक्ष होतं. अशी युनिटं मी पाहिली आहेत.

आता ज्याची जाहिरात कोणी करत नाही, त्यावर जरा थांबतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भराभर आली, अनुभवी कमी पडले. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालला. सुपरवायझरसाठी दहा-दहा तासांचे छोटे अभ्यासक्रम: दोन तासांची पाच सत्रं, दहाएक जणांचा गट. एकात काम कसं शिकवायचं, दुसऱ्यात माणसांशी कसं वागायचं, तिसऱ्यात पद्धत कशी सुधारायची. युद्धानंतर हे जपानला गेलं आणि टोयोटाच्या कामाच्या पद्धतीत त्याची मुळं आजही दिसतात. मूळ पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळतात.

माणसांशी वागण्याच्या भागाचा पाया चार गोष्टींचा आहे. काम कसं चाललंय ते प्रत्येकाला कळू द्या. श्रेय त्या त्या वेळी द्या. ज्याच्यावर परिणाम होणार तो बदल त्याला आधी सांगा. प्रत्येकाच्या अंगात जे आहे ते पुरतं वापरा. वाचायला फारच साधं. आता आपल्याकडचा प्रसंग घ्या. संध्याकाळी हजेरीच्या पंचिंग मशीनपाशी उभ्या ऑपरेटरला सुपरवायझर जाता जाता म्हणतो, "उद्यापासून तू सेकंड शिफ्टला ये रे." त्याच्या बायकोची ड्युटी, मुलाची शाळा, सिन्नरहून येणारी सामायिक गाडी, सगळं एका वाक्यात कोलमडतं. महिन्याभरात तो समोरच्या गाळ्यात हजार रुपये जास्तवर जातो आणि मालक म्हणतो, "हल्लीच्या पोरांना निष्ठाच नाही." हजार रुपये हे निमित्त असतं. तोच बदल चार दिवस आधी, कारणासकट, बाजूला घेऊन सांगितला असता तर बहुधा काही मार्ग निघाला असता.

रिजेक्शनचंही, म्हणजे माल नापास होण्याचंही, तसंच. "तुझं लक्ष कुठे असतं?" हे वाक्य सगळ्यांसमोर टाकायचं, की "कालच्या लॉटला बोअर ओव्हरसाइज गेला, भोक मोठं झालं. सेटिंग कोणी केलं, इन्सर्ट कधी बदलला, फर्स्ट पीसवर सही कोणाची?" असं विचारायचं? त्या अभ्यासक्रमाची पहिली पायरीच आधी वस्तुस्थिती गोळा करा ही आहे. मग तोलून ठरवा, मग कृती करा, मग परिणाम तपासा. आपण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो. या पर्यायाचं दुखणं असं की बाहेरून तपासणारा कोणी नाही. म्हणून दोन-तीन ओळखीच्या युनिट मालकांनी मिळून करावं आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या सुपरवायझरशी मोकळं बोलावं. दुसऱ्याच्या मालकाला माणूस खरं सांगतो.

राहिले ते थोडक्यात. मुक्त विद्यापीठाचे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून पदवी हवी असलेल्याला चांगले, पण त्यातून सराव होत नाही. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम धंदा सुरू करणाऱ्यासाठी. वैयक्तिक कोच महाग; भागीदारीत किंवा बाप-लेकात बोलणं बंद पडलं असेल तेव्हाच परवडतो, आणि तेव्हा मात्र चटकन घ्यावा.

मग आधी कुठे? माणसं टिकत नसतील तर 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'च्या पद्धतीने शॉप फ्लोअरपासून, बाकी सगळं नंतर. काम उत्तम पण परचेसवाल्यासमोर तोंड उघडत नसेल तर टोस्टमास्टर्स, किमान वर्षभर. सेवा विकणारा असाल आणि गिऱ्हाईक शहरातलंच असेल तर बीएनआय किंवा सॅटर्डे क्लब. वडिलांचा धंदा हातात आलाय आणि जुनी माणसं अजून 'लहान मालक' म्हणतात, अशांनी जेसीआय किंवा निमा-आयमाची एखादी समिती धरावी. हुकूम न देता काम करून घ्यायची सवय तिथेच लागते. दोन गोष्टी एकदम सुरू करू नका, दोन्ही अर्धवट राहतात.

आणि शिबिराचे पैसे भरून झालेच असतील तर स्वतः जाऊ नका. लाइन सांभाळणाऱ्या सुपरवायझरला पाठवा, आणि सोमवारी चहाला बसवून त्याला विचारा, आपल्या युनिटमध्ये यातलं काय चालेल आणि काय नाही. तो बोलत असताना फोन उचलू नका.