एरोबॅटिक मॉडेलला ग्लो की पेट्रोल? इंधन कुठे अडतं त्यावरून ठरवा

पावणेदोन मीटर पंखांचं रिमोटवर उडणारं मॉडेल विमान घेतलंय आणि गाडी १५ सीसी ग्लो (ग्लो प्लग आणि मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं इंजिन) की २० सीसी पेट्रोल इथे अडलीय? ताकदीला दोन्ही पुरतात. इंजिन हवेत कशामुळे बंद पडतं, ते बघा.

साध्या ग्लोत पंप नसतो. मफलरचा दाब टाकीत जातो आणि तेवढ्यावर इंधन कार्बपर्यंत (कार्ब्युरेटरपर्यंत) पोचतं. नाक सरळ वर गेलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं, टाकी निम्मी झाली की आणखी लीन. म्हणून फुल थ्रॉटलला आवाज सर्वांत चढला की २००-३०० आरपीएम उतरेपर्यंत निडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई) उघडायची. मग मदतनीसाने मागून घट्ट धरून नाक आकाशाकडे करायचं. आरपीएम किंचित वाढले तर ठीक, आवाज बसला तर अजून उघडा. कोल्हापुरात सकाळच्या गारव्यात लावलेली निडल अकराच्या उन्हात पुन्हा बघावीच लागते.

हे एक वेळ चालतं. मला नडली ती टाकीची जागा. टाकी गुरुत्वमध्यावर असली तर इंधन संपत आलं तरी ट्रिम (विमानाचा तोल) हलत नाही. ग्लोची टाकी मात्र इंजिनाजवळ, निडलच्या पातळीत लागते. मागे सरकवली की दाब अपुरा पडतो आणि उभ्या चढणीत इंजिन दम टाकतं. वेगळा पंप बसतो, पण बिघडायला आणखी एक वस्तू वाढते.

पेट्रोलच्या डायफ्राम (लवचिक पडद्याच्या) कार्बमध्ये पंप असतोच, क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालणारा. टाकी मागे ठेवा, त्याला फरक पडत नाही. एच (वरच्या वेगाची) आणि एल (मंद वेगाची) दोन्ही सुया साधारण दीड फेरा उघडून सुरुवात करा.

खोडी त्याच्याही आहेत. सिलिकॉनची नळी पेट्रोलने फुगते, पेट्रोलसाठीची टायगॉन नळी हळूहळू ताठ होते. ताठ नळीचा क्लंक (टाकीत नळीच्या टोकाला असलेलं वजन) उलट्या उड्डाणात इंधनामागे हलत नाही, हवा ओढतो आणि इंजिन थांबतं. तेव्हा दर हंगामात नळी बदला. क्लंक मागच्या भिंतीपासून ५-६ मिमी सुटा राहू द्या. नळीच्या मध्यात पितळी नळीचा तुकडा घातला की जोराच्या लँडिंगला क्लंक पुढे उलटून अडकत नाही. असा तुकडा उद्यमनगरात कुणीही कापून देईल. पंपावरचं ई२० आणखी त्रासदायक. इथेनॉल आपल्याच उसाचं असेल, डायफ्रामला त्याचं कौतुक नाही. दिवस संपला की टाकी रिकामी करा. थ्रॉटल देताना इंजिन अडखळू लागलं तर सुया फिरवत बसण्याआधी कार्बची बारीक जाळी धुवा, डायफ्राम कडक झालाय का ते बघा.

१० सीसीच्या आतल्या मॉडेलला मात्र ग्लोच बरं. पेट्रोलला लागणाऱ्या इग्निशन आणि बॅटरीचं वजन तिथे झेपत नाही. त्यापुढे मी तरी पेट्रोलच घेईन.

पेट्रोल जमिनीवर नीट चालून हवेत बिघडत असेल तर सुयांना हात लावू नका. काउलमधल्या (इंजिनावरच्या आवरणातल्या) वाऱ्याचा दाब डायफ्रामच्या झाकणावरच्या भोकावर येत असतो. तिथे छोटी पितळी नळी डाग देऊन बसवा आणि रबरी नळीने तिचं तोंड फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत न्या.